ओफेलियाचा पहिला तास

ओफेलिया बारागानच्या पांढऱ्या शर्टवर लाल मिरचीचा रस्सा सांडला, तो तिच्या नवऱ्याच्या हातून. बायकोचा विद्यापीठातला पहिला दिवस म्हणून रामिरो जन्मात पहिल्यांदा न्याहारी बनवायला उठला होता. चिलाकिलेसची, म्हणजे मिरचीच्या रश्श्यात परतलेल्या मक्याच्या पोळ्यांच्या तुकड्यांची, कढई त्याने मोठ्या ऐटीत टेबलाकडे आणली आणि ती अर्धी रिकामी झाली ओफेलियावर.

इस्त्रीचं असं घरात दुसरं एकच काही होतं. भाच्याच्या बाप्तिस्म्यासाठी शिवलेला करडा कोट आणि त्याच्या जोडीचा अरुंद स्कर्ट.

"हे घालून पोरांच्यात बसू? म्हणतील, कोण वकीलबाई आली!"

"म्हणू देत," रामिरो शर्ट चोळत म्हणाला. "मागच्या आठवड्यापेक्षा बरं."

मागच्या आठवड्याची आठवण काढायला नको होती. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला ओफेलिया गेली, तर दारातल्या मुलीने गोड हसून तिच्या छातीवर 'पालक' अशी चिठ्ठी चिकटवली आणि तिला शेजारच्या सभागृहात नेऊन बसवलं. भिडस्त ओफेलिया उठली नाही. मुलं घर सोडून गेल्यावर मन कसं रमवावं, यावरचं अख्खं भाषण ऐकून ती परत आली. तिला मूलबाळ नव्हतं.

बेचाळीस वर्षांची होती ती. दिवसा पीच पॅक करायच्या शेडमध्ये काम आणि संध्याकाळी गावातलं कम्युनिटी कॉलेज, असं सहा वर्षं चाललं होतं. कॅल्क्युलसमध्ये ती दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली. आता कुठे कॉलेजातली पहिली दोन वर्षं धरून इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी विद्यापीठाने तिला थेट तिसऱ्या वर्षात घेतलं होतं.

"रामिरो, ऐकून ठेव," गाडीची किल्ली उचलत ती म्हणाली. "आज पुन्हा कोणी मला 'तुम्ही कोणाच्या आई?' असं विचारलं ना, तर मी सरळ शेडवर परत जाणार."

रामिरो हसला नाही. ती बोलली की करते, हे त्याला ठाऊक होतं.

गाडी लावायला जागा मिळणार नाही या धास्तीने ती इतकी लवकर पोचली, की मेकॅनिक्सच्या वर्गाला अजून कुलूप होतं. झाडणाऱ्या म्हाताऱ्याने तिच्या कोटाकडे पाहिलं, अदबीने दार उघडलं आणि दिवेही लावून दिले. 'किती चांगली माणसं आहेत इथली,' ओफेलियाला वाटलं.

वर्गातल्या खुर्च्यांना लिहायच्या फळ्या जोडलेल्या होत्या. त्या अरुंद स्कर्टमध्ये ती एकीतही शिरू शकेना. दोनदा प्रयत्न करून तिने नाद सोडला आणि फळ्याजवळच्या टेबलामागे जी एकुलती एक साधी खुर्ची होती, तिच्यावर टेकली. सर आले की उठू, असं तिने ठरवलं.

पोरं येऊ लागली. दारात मोठमोठ्याने हसायची, आत पाऊल टाकलं की गप्प व्हायची आणि मुकाट्याने बसायची. 'शिस्त आहे हं,' ओफेलिया मनात म्हणाली.

"मॅडम, रोज यावंच लागेल का?" मागून एकाने विचारलं.

"यायलाच पाहिजे," ओफेलिया कळकळीने म्हणाली. "एक आठवडा बुडवला की पुढचं काही कळत नाही. मी बघितलंय ना."

पंचवीस जणांनी ते लिहून घेतलं.

मग गुरलीन नावाची मुलगी पुढे आली. "मॅडम, शुक्रवारी माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मी नाही आले तर चालेल?"

पोरीला धीर हवा असणार, असं ओफेलियाला वाटलं. "अगं, विचारतेस काय? जा की! आजीजवळ कोणीतरी नको का?"

गुरलीनचे डोळे भरून आले. असं माणुसकीने बोलणारं विद्यापीठात तिला अजून कोणी भेटलं नव्हतं.

सर काही येईनात. पहिल्या रांगेत सिओने नावाचा, मूळचा टोंगा बेटांवरचा मुलगा बसला होता. फुटबॉलच्या संघातला, दोन माणसांएवढा रुंद. त्याने दबक्या आवाजात कबुली दिली, "मॅडम, मला ते मोमेंट, म्हणजे बळाने वस्तू फिरते ते, अजून कळलेलं नाही. नुसतं बळ कळतं."

ओफेलियाला स्वतःचं पहिलं वर्ष आठवलं. ज्याला तीनदा शिकावं लागतं, त्याला अडतं कुठे ते नेमकं कळतं. ती उठली.

"इकडे ये बाळ. हे दार नुसतं लोटलंय. बिजागरीपाशी हात लाव आणि ढकल बघू."

सिओनेने बिजागरीपाशी जोर लावला. मान लाल झाली, दार बोटभर हललं.

"आता बघ." ओफेलियाने दाराच्या कडेला एक बोट लावलं. "बळ थोडंच, पण बिजागरीपासून लांब." आणि तिने ढकललं.

दार झपकन उघडलं आणि बाहेर काहीतरी धप्पकन आपटलं. हातात सायकलचं शिरस्त्राण घेतलेला एक काटकुळा तरुण उभा होता, आणि त्याची कॉफी आता त्याच्या अंगावर होती.

"अरे देवा, भाजलं तर नाही ना?" ओफेलियाने कोटाच्या खिशातला रुमाल त्याच्या हातात कोंबला. "पण पहिल्याच दिवशी उशीर करतं का कोणी? जा, सिओनेशेजारी बस."

तरुणाने रुमालाने शर्ट टिपला आणि तो जाऊन बसला.

ओफेलियाने फळ्यावर दार काढलं, बिजागरी काढली, अंतर काढलं. "कळलं!" सिओने इतक्या जोरात ओरडला की दोघीतिघी दचकल्या.

"छान. आता सर येईपर्यंत हे उतरवून घ्या," हात झटकत ओफेलिया म्हणाली.

"कुठले सर?" गुरलीनने विचारलं.

"आपले. मेकॅनिक्सचे."

"मग तुम्ही कोण?"

"मी? मी तुमच्यासारखीच. कम्युनिटी कॉलेजातून आलेय, तिसऱ्या वर्षाला."

मग पहिल्या रांगेतून तो ओला तरुण हात वर करून म्हणाला, "सर... म्हणजे, मी. नेथन प्रिचर्ड. माझा आज पहिलाच तास आहे. मघाशी दाराच्या काचेतून बघितलं तर तुम्ही दिसलात. मला वाटलं, मीच वर्ग चुकलो. दोनदा इमारतीला चक्कर मारून आलो."

ओफेलियाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. कोणाची आई नव्हे, थेट प्राध्यापक! आणि खऱ्याला तिने कॉफीने न्हाऊ घालून, वर दटावलं होतं! तिने पिशवी उचलली आणि ती दाराकडे वळली. शेड बरी, पीच बरे.

दार दिसेना. मध्ये सिओने उभा होता.

"जायचं नाही," तो म्हणाला. "दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी कळलंय."

"जाऊ नका ना, मॅडम!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळा वर्गच ओरडायला लागला. तिचं आडनाव कोणाला माहीत नव्हतं, म्हणून नुसतं "मॅडम! मॅडम!"

ओफेलियाने प्रिचर्डकडे पाहिलं. तोही ओरडत होता.

सिओनेने एका खुर्चीची फळी मुळासकट उपटून बाजूला ठेवली आणि तिथे ओफेलियाला बसवलं. प्रिचर्ड फळ्यापाशी गेला. त्याने खडू उचलला. "हे दाराचं... मी इथूनच पुढे नेलं तर चालेल?"

"न्या की," ओफेलिया वही काढत म्हणाली. "आवाज जरा मोठा ठेवा. मागच्यांना ऐकू जात नाही."

त्याने आवाज मोठा केला. तास छान झाला.

"आणि सर, माझी शुक्रवारची सुट्टी?" शेवटी गुरलीनने विचारलं.

प्रिचर्डने ओफेलियाकडे बघितलं. ओफेलियाने मान हलवली. "दिली," प्रिचर्ड म्हणाला.

महिन्याने पहिली परीक्षा झाली. ओफेलियाला ब्याण्णव गुण पडले, वर्गात सगळ्यांत जास्त. उरलेले आठ कुठे गेले हे विचारायला ती उत्तरपत्रिका घेऊन प्रिचर्डच्या खोलीत शिरली, तसा तो खुर्चीवरून ताडकन उठून उभा राहिला.

"बसा, बसा," ओफेलिया म्हणाली.