खड्ड्यात चढण्याचा हुकूम

वाघाच्या राज्याचे सातवे वर्ष. ऋतू उन्हाळा. वैशाख वद्य पंचमी, सकाळ.

एका जंगलात त्या दिवशी दवंडी पिटली गेली. मुलांनो, नीट बसा. मी एकदाच सांगतो.

दवंडी अशी होती : "पावसाळा जवळ आला आहे. खड्ड्यात राहणाऱ्यांनी उद्या सूर्य मावळायच्या आत डोंगरावर राहायला जावे. परवा सकाळी हत्ती येऊन खड्ड्यातली बिळे बुजवतील."

हुकूम चांगला होता. फक्त ज्याला खड्डा म्हटले होते, ती टेकडी होती. आणि ज्याला डोंगर म्हटले होते, ते नदीचे कोरडे पात्र होते.

हसू नका. राजाने हे मनाने ठरवले नव्हते. राजाकडे उपग्रह होता.

उपग्रह म्हणजे आकाशात सोडलेला डोळा. तो वरून जमिनीचे फोटो काढतो. कुठे डोंगर, कुठे दरी, कुठे नदीने सोडलेली जुनी वाट, सगळे त्यात दिसते. शेजारच्या सिंहाकडे एक होता, म्हणून वाघानेही एक सोडला. फोटो वाचायला शेषराव नावाचा वानर नेमला. शेषराव झाडावरून कधी खाली उतरत नसे. उंचावरून पाहण्याचा अनुभव आहे, म्हणून ही जागा त्याला मिळाली.

त्या टेकडीवर धोंडबा साळिंदर राहत होता. बीळ आजोबांनी खणलेले होते. त्याची बायको येसू बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. दोन पिल्ले होती. त्यांचे काटे अजून मऊ होते.

दवंडी ऐकून येसू म्हणाली, "अहो, नदीत कुठे नेता लेकरं? वर घाटात वळीव झाला की इथं पाणी येतं. माझी थोरली बहीण अशीच गेली."

"हुकूम आहे."

"हुकमाला पोहता येतं का?"

धोंडबा उठला आणि दरबाराच्या वाटेला लागला.

वाटेत नदीचे पात्र होते. तिथे भागू सशीण सात पिल्लांसह आधीच राहायला आली होती. वाळू झाडून स्वच्छ करत होती.

"या, धोंडबा! डोंगरावर हवा किती मोकळी आहे बघा."

"भागू, येताना चढ लागला का तुला?"

भागू विचारात पडली. "नाही. उतारच लागला. पण फोटोत चढ आहे म्हणे."

दरबारात एक सपाट कातळ होता. त्यावर फोटो पसरलेला होता. कातळाच्या एका बाजूला वाघ, त्याच्यामागे दरबारी आणि फांदीवर शेषराव. दाद मागायला येणाऱ्याने समोरच्या बाजूला उभे राहायचे, असा रिवाज होता. फोटो राजासमोर सरळ ठेवलेला. वरच्या कडेला उत्तर दिशा आणि राजमुद्रा.

धोंडबाने आपल्या बाजूने फोटो पाहिला. त्याला आपली टेकडी दिसली. चांगली उंच दिसली. तो ऊन खात बसायचा तो कंगोराही दिसला.

"फोटो बरोबर आहे की, महाराज. ही टेकडीच आहे."

"तो खड्डा आहे," शेषराव म्हणाला.

"आणि ही नदी?"

"ती डोंगरांची रांग. लांब, वळणावळणाची."

"तिथे गोटे आहेत. गोल. पाण्याशिवाय गोटा गोल होत नाही."

"फोटोत गोटे दिसत नाहीत."

"मग एकदा येऊन बघा."

"जागेवर गेलं की नजर बिघडते," शेषराव म्हणाला.

धोंडबाने पुन्हा फोटो पाहिला. "हा कधीचा?"

"पौषातला. सकाळचा."

"म्हणजे ऊन दक्षिणेचं, तिरपं. सावल्या उत्तरेला. तुमच्या बाजूने बघितलं तर ऊन खालून येतं, महाराज. डोळ्याला ऊन वरून यायची सवय. खालून आलं की उंच ते खोल दिसतं आणि खोल ते उंच. फोटो तेवढा फिरवा."

"फोटो फिरवला तर मुद्रा उलटी होईल," शेषराव म्हणाला. "मुद्रा उलटी करणाऱ्याची कातडी काढतात. कायदा आहे."

"चांगला कायदा आहे," वाघ म्हणाला. "मीच केला."

आता एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी वाघाच्या पंजात साळिंदराचा काटा घुसला होता. काटा धोंडबाच्या चुलत्याचा होता. चुलता उरला नाही, काटा उरला. पंजा सुजला. वाघ मरायला टेकला. काटा कसा काढायचा ते साळिंदरालाच ठाऊक. धोंडबाने तो काढला. तेव्हा वाघ म्हणाला होता, "तुझे माझ्यावर ऋण झाले. एक मागणे माग. देईन."

धोंडबाने अजून काही मागितले नव्हते.

"महाराज," तो आता म्हणाला, "माझं एक मागणं राहिलंय."

वाघाने सुस्कारा टाकला. "कंदांच्या जमिनीची पट्टी हवी ना? तुझी बायको तीन वर्षं साऱ्या जंगलाला सांगतेय."

"पट्टी नको. एकदा माझ्या बाजूला येऊन उभे राहा."

कोणीतरी हसले. वाघ हसला नाही. सात वर्षांत तो त्या बाजूला गेला नव्हता. तो उठला. कातळाला वळसा घालून आला. नऊ पावले लागली. धोंडबाशेजारी उभा राहून त्याने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"शेषराव, ही टेकडी आहे."

"महाराज, त्या बाजूने मुद्रा उलटी दिसते. म्हणजे तिकडून जे दिसतं ते सरकारी नाही."

वाघाने विचार केला. शेषरावाचे म्हणणे कायद्याला धरून होते. शिवाय दवंडी पिटून झाली होती, आणि राजाची दवंडी चुकत नाही.

संध्याकाळी दुसरी दवंडी झाली. "खड्डा हा खड्डाच आहे. डोंगर हा डोंगरच आहे. तरी सर्वांनी उद्या दुपारच्या आत डोंगरावरून खाली उतरावे आणि खड्ड्यात चढून बसावे. हत्तींनी बिळे बुजवू नयेत."

दुसऱ्या दिवशी भागू सात पिल्ले घेऊन आली. तिला धाप लागली होती.

"धोंडबा, आपला हा खड्डा फार उंच आहे हो."

तिसऱ्या दिवशी जंगलावर आभाळ कोरडे होते. पाणी घाटातून आले. तांबडे, झाडे उपटून आणलेले. दुपारपर्यंत डोंगरांची रांग दोन्ही काठ भरून वाहू लागली. शेषराव काठच्या जांभळीवर होता, म्हणून वाचला. फोटोही वाचला. शेषरावाने त्यावर नोंद केली : डोंगर सरकत आहे.

सगळे जंगल खड्ड्यात बसून पाणी बघत होते. येसूच्या कुशीत दोन्ही पिल्ले झोपली होती.

"पट्टी मागितली असती तर?" ती म्हणाली.

धोंडबाने खाली बोट दाखवले. कंदांची पट्टी नदीकाठी होती. तिच्यावरून पाणी चालले होते.

"बरं झालं," येसू म्हणाली. "पण विचारायचं तरी होतं मला."

वाघ वर आला. थोडा लांब बसला. त्याने आपला पंजा उलटा करून पाहिला.

"फिटलं?"

"फिटलं, महाराज."

तात्पर्य : खरे सांगायचे असेल, तर आधी राजाच्या पायात काटा घुसायची वाट पाहावी. काटा आपल्या चुलत्याचा असल्यास उत्तम.