टेंभुरटोल्याच्या शाळेचा सर्वांगीण विकास

कोणतीही संस्था ज्या हेतूने स्थापन होते, तो हेतू हाच तिच्या विकासातील मुख्य अडथळा असतो. रुग्णांमुळे रुग्णालय मळते, वाचकांमुळे ग्रंथालयाची पुस्तके फाटतात, आणि शाळेविषयी तर बोलायलाच नको. सालेकसा तालुक्यातील टेंभुरटोला या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने हे सत्य नुसते ओळखले नाही, तर एकेका ठरावाने सिद्ध करून दाखवले. विद्वज्जनांनी या कार्याची दखल घेतली नाही, याचे आम्हांला वैषम्य वाटते.

प्रथम भौतिक सुविधा. समितीच्या कारकिर्दीत शाळेला भव्य प्रवेशद्वार लाभले. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही (भिंतीचा विषय द्वाराच्या उद्घाटनापर्यंत तहकूब होता, उद्घाटनानंतर कोणाला निकड वाटली नाही). द्वाराला कुलूप असून किल्ली अध्यक्षांच्या घरी सुरक्षित आहे. मुले, शेळ्या आणि लीलाधर गुरुजी द्वाराला उजवी घालून आत येतात. हात धुण्याच्या केंद्राला दहा नळ आहेत, आणि त्यांतला एकही गळत नाही. पंचक्रोशीत असा दुसरा दाखला नाही. (नळांना पाणी जोडलेले नाही, हे विघ्नसंतोषी मंडळी हटकून सांगतात.)

पटावर चाळीस मुले होती तेव्हा चार मुलांमागे एक नळ पडत असे. पट निम्म्यावर आला आणि प्रमाण दुप्पट सुधारले. हीच गती राहिली तर एक दिवस एका मुलामागे दहा नळ होतील. त्यापुढची अवस्था गणिताला मांडता येत नाही. आपल्या दर्शनकारांनी तिला पूर्णत्व म्हटले आहे.

अभ्यासक्रमाकडेही समितीचे दुर्लक्ष नव्हते. शिक्षण परिसराशी जोडलेले असावे, या तत्त्वानुसार मोहाच्या झाडावरील पाठ मोहफुलांच्या हंगामातच शिकवावा, असे ठरले. त्या हंगामात गावातली बहुतेक मुले तांबडे फुटण्याआधीच आईबापांबरोबर जंगलात फुले वेचत असतात, त्यामुळे मोहाचा पाठ मोहामुळे ओस पडे. गुरुजींनी सुचवले, पाठ झाडाखालीच घेऊ. परंतु झाडाखाली बसलेला विद्यार्थी नियमानुसार गैरहजर असतो, आणि गैरहजर विद्यार्थ्यांना शिकवण्याची तरतूद नाही. सूचना आभारपूर्वक फेटाळण्यात आली.

आता पटसंख्या. अध्यक्ष लखनलाल बिसेन हे गावातले मोठे जमीनदार. समितीचा सभासद शाळेतल्या मुलाचा पालक असावा लागतो, म्हणून त्यांचा नातू नावाने टेंभुरटोल्याच्या शाळेत आहे. देहाने तो रोज पिवळ्या गाडीने आमगावच्या इंग्रजी शाळेत जातो. (नाम आणि देह भिन्न आहेत, हे आपल्याकडे संतांपासून सर्वांनी सांगितले, आचरणात आणले ते लखनलालजींनी.) इतर सभासदांची मुलेही त्याच पिवळ्या गाडीने जातात. अपवाद एकट्या अल्का गजभिये यांचा. त्यांची मुलगी दीप्ती खरोखरच याच शाळेत तिसरीत बसत असे. हा हितसंबंध गुंतल्यामुळे त्यांच्या मताकडे समिती नेहमीच सावधपणे पाही.

एप्रिलमध्ये वरून आदेश आला: हजर मुले मोजावीत, ती कमी भरल्यास शाळा रेल्वेलाइनपलीकडच्या शाळेत विलीन करावी. मोजणीचा दिवस समितीने सुचवायचा होता. पालकांच्या सोयीसाठी समितीने मोहाचा भर हंगाम आणि सकाळची वेळ निवडली. मोजणारे साहेब आले. वर्गात चार मुले होती, त्यांतल्या दोघांना ताप होता. सभा लगेच तिथेच भरली. एवढ्यात अल्काबाई जंगलातून तशाच आल्या, डोक्यावर मोहाची टोपली.

"अल्का, टोपली बाहीर ठेव," लखनलालजी म्हणाले. "सभा होऊन राहिली इथं."

"बाहीर ठेवली तं बकऱ्या खातीन, काकाजी. तुमच्या सभेले कोणी तोंड लावत नाही."

"पोरं कुठी हायेत?"

"मोहावर. अजून कुठी?"

"काऊन? आज मोजणी हाये, मालूम नव्हतं?"

"मोहाले मालूम नव्हतं ना! तो आपल्या टायमावर पडते. ऊन चढू द्या, पोरं येतेत. घंटाभर थांबा, साहेब."

"साहेब कायले थांबतीन? त्यायले दुसऱ्या शाळेतबी मोजाले जा लागते."

"तिथली पोरंबी मोहावरच हायेत."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. त्यांची मोजणी ही वैज्ञानिक पद्धत होती, आणि विज्ञान उन्हं चढण्याची वाट पाहत नसते.

अल्काबाईंनी टोपली खाली ठेवली. "मंग माझी दीप्ती शाळेत जाइल कशी? लाइनीवर मालगाडी उभी रायते दोन-दोन घंटे. पोरं तिच्या खालून निंगतेत. मी नाही धाडत पोरीले चाकाखालून."

"गाडी उभी असली का निंगायचं, सुटली का थांबायचं," लखनलालजी म्हणाले. "इतकी अक्कल तं पाह्यजे ना."

"गाडी का सांगून सुटते? आन् तुमचा नातू निंगते का खालून?"

"त्याची शाळा इकडच्या बाजूनं हाये, बाई."

दुसरे सभासद बकाराम यांनी वातावरण हलके केले. "वरतून जायले टिकिट लागते, वहिनी. खालून फुकट हाये!"

सभेत हशा पिकला. लीलाधर गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते खिडकीतून जंगलाच्या वाटेकडे पाहत होते. विलीनीकरणाचा ठराव बहुमताने संमत झाला आणि साहेबांची गाडी सुटली. मुले धावत आली तेव्हा गाडीची धूळ अजून बसली नव्हती. गुरुजींनी सवयीने हजेरी घेतली. पिवळ्या गाडीतली नावे वगळता पट पुरेपूर भरला. (ही हजेरी विलीनीकरणानंतरची असल्याने ग्राह्य धरता आली नाही.)

परिणाम सर्वस्वी समाधानकारक आहेत. सर्व मुलांची नावे लाइनपलीकडच्या शाळेत सुखरूप पोहोचली. नावांना मालगाडीचा त्रास होत नाही. दीप्तीचे नाव आता चौथीत आहे; स्वतः दीप्ती आईबरोबर तेंदूपानांच्या गड्ड्या बांधते. तिचा हात चांगला बसला आहे. नाव पटावर असल्यामुळे तिने शाळा सोडली असे म्हणता येत नाही, म्हणून गळती शून्य आहे. टेंभुरटोल्याची वास्तू निर्मळ झाली असून व्यवस्थापनाला आता खऱ्या अर्थाने एकाग्रता लाभली आहे. समिती अर्थातच कायम आहे, कारण प्रवेशद्वाराला वाऱ्यावर सोडता येत नाही.

अल्काबाईंनी मात्र राजीनामा दिला. दिला म्हणण्यापेक्षा, लखनलालजींच्या अंगणात उभ्या राहून तो त्यांनी असा सांगितला की छापता येणार नाही. त्यामुळे एक जागा रिकामी झाली आहे, आणि ती पालकाऐवजी एखाद्या शिक्षणप्रेमी व्यक्तीला द्यावी, असे समितीने ठरवले आहे. पात्रता साधी आहे. उमेदवार सुशिक्षित असावा. खेड्यातल्या शाळांची दुर्दशा वाचून त्याने दोन-तीनदा हसावे, शेवटी थोडे हळहळावे, आणि ही हळहळ चार ओळखीच्यांना पाठवून दुसऱ्या कामाला लागावे.

आपण इथवर आला आहात. अर्ज करण्याची गरज नाही. आपली निवड एकमताने झाली आहे. सभेलाही येऊ नये. आपली गैरहजेरी ही संमती म्हणून नोंदवली जाईल, आणि ती आजवर नेहमीच पुरली आहे.