धोट्याचा स्क्रू

बसाप्पाण्णांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. शाहूपुरीत नवी खोली घेऊन मी सामान आत टाकत होतो. शेजारच्या ओट्यावरून एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस उतरला. त्यानं माझ्या कोटाची खालची कड धरली, उलटी केली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाला, "हाताची मशीन. चाक थांबत थांबत फिरवलंय. शिंप्याला दमा हाय काय?"

शिंप्याला खरोखरच दमा होता.

पुढे कळलं की हा मान केवळ माझा नव्हता. अण्णा सगळ्यांचेच कपडे उलटे करत. गुळाच्या व्यापाऱ्याचे, पोलिसाचे, भिक्षुकाचं उपरणंसुद्धा. एकदा आम्ही दोघं एका घरी समाचाराला गेलो होतो. घरधनी डोळे पुसत होता आणि अण्णा त्याच्या सदऱ्याची बाही उलटी करून बघत होते. "टाका बारीक हाय," ते हळू आवाजात म्हणाले. घरधन्यानं हुंदका आवरून शिंप्याचं नाव सांगितलं. त्या घरात त्या दिवशी बोलली गेलेली खरी अशी ती दोनच वाक्यं.

अण्णांचं घराणं गुळाच्या अडतीचं. बोली अर्धी कोल्हापुरी, अर्धी कानडी. धाकटे दोघे भाऊ पेढीवर बसत आणि अण्णा पेढीच्या मागच्या खोलीत एखादं गंजलेलं शिवणाचं मशीन उघडून बसत. शेवटी भावांनी त्यांना रस्त्याकडच्या दोन खोल्या दिल्या आणि धंद्यातून मोकळं केलं. अण्णांना वाटलं भावांनी उपकार केला. भावांनाही तसंच वाटत होतं.

त्या दोन खोल्यांत अकरा मशिनं होती. साहेबलोक बदलून जाताना टाकून गेलेली, मिशनच्या बायांनी मोडीत काढलेली, कुणाच्या माळ्यावर उंदरांनी घर केलेली. अण्णा ती आणत, सुटी करत, रॉकेलात भिजवत, गंज उतरवत. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी निघू नये म्हणून तिथं बोटानं गोडेतेल लावत. पेट्यांचं लाकूड वेगळं. त्याला लाख स्पिरिटात विरघळवून कापडाच्या बोळ्यानं शंभर हात द्यायचे, एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. नव्व्याण्णव झाले की कुणी कितीही महत्त्वाचा माणूस दारात आला तरी अण्णा "थांबा" म्हणत.

शिवायचे मात्र नाहीत. शिंप्यांविषयी त्यांचं मत वाईट होतं. "शिंपी म्हंजे मशीनचा सासुरवास," म्हणायचे. "तेल न्हाय, पुसणं न्हाय, नुस्तं राबवायचं."

घरात दुसरं माणूस म्हणजे मुलगी, गौरव्वा. आई ती तीन वर्षांची असताना गेली. अण्णांनी दुसरं लग्न केलं नाही. जागा नव्हती, असं भाऊ म्हणत. गौरव्वा मुलींच्या शाळेतून आली की दप्तर एका मशीनवर टाकी, दुसऱ्यावर भाकरी ठेवून खाई आणि मग बापासमोर बसून त्याला मागेल ते हत्यार देई. बाप लेकीशी बोलताना मी फारसा ऐकला नाही. "बारका पेचकस." "ह्यो नव्हं, अव्वा, त्यो." एवढंच. पण ती शाळेतून यायची वेळ झाली की अण्णांचं काम चुकत असे. स्क्रू हातातून पडत.

आता एका टेबलाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

मी दरबारच्या दप्तरात कारकून. कागद घेऊन सरदार लोकांच्या घरी जावं लागे. एका सरदारांच्या दिवाणखान्यात सह्या होईपर्यंत बसायचा प्रसंग नेहमीचा होता. तिथं भिंतीला वाघाची तीन मुंडकी, मधोमध पूर्वजांची तलवार आणि तिच्याखाली एक नक्षीदार विलायती टेबल, खालून कपाटासारखं बंद. त्यावर चांदीची अत्तरदाणी. हे टेबल आठ वर्षांपूर्वी एका जाणाऱ्या गोऱ्या साहेबानं सरदारांना प्रेमानं दिलं, असं प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जाई. मी ते चौदा वेळा ऐकलं होतं.

एकदा अण्णा माझ्याबरोबर आले. काम काही नव्हतं, सरदारांच्या अंगरख्याची कड बघायची होती. पण आत आल्या आल्या त्यांची नजर टेबलावर गेली आणि ते अंगरखा विसरले. सरळ जाऊन त्यांनी अत्तरदाणी उचलून माझ्या हातात दिली, फळी उघडली, आत हात घातला आणि वर ओढलं. टेबलाच्या पोटातून एक काळंभोर शिवणाचं मशीन वर आलं.

सरदार दोन पावलं मागं सरकले. तलवारीखालीच उभे होते, म्हणून ते जास्त दिसलं.

"आठ वर्सं झाली न्हवं हितं?" अण्णा म्हणाले. "आठ वर्सं बिचारी आंधारात बसलीया आन् वर तुम्ही पावण्यास्नी अत्तर लावतायसा!"

चार पाहुणे समोर होते. सरदारांनी घसा खाकरून सांगितलं की आपल्याला हे माहीत होतंच. मग पाहुणे गेल्यावर म्हणाले, "घेऊन जा हे. आणि कुठं बोलू नकोस." अण्णांनी टेबल त्याच दिवशी हातगाडीवर घातलं आणि रस्त्यात जो भेटेल त्याला सगळं सांगत शाहूपुरीपर्यंत आले.

त्याच साली गौरव्वाचं लग्न ठरलं. स्थळ चंदगडचं, तांदळाचे व्यापारी. व्याही बघायला आले. मुलगा आला. अण्णांनी मुलाच्या कोटाची कड उलटी करून बघितली आणि मान हलवली. "पोरगा बरा हाय. शिंपी बदलाय पायजे." मग व्याह्यांकडे वळले.

"पावणं, पाऊस किती पडतोय तुमच्याकडं?"

"काय सांगायचं अण्णा, चार म्हैनं सूर्य दिसत न्हाय."

"मग लाकूड फुगत आसंल."

"माणसंबी फुगत्यात की!" व्याही हसले.

"माणसं वाळत्यात परत. फळी वाळत न्हाय."

अर्धा तास हा माणूस ओल, बुरशी, गंज, भिंतीपासून किती हात लांब, चुलीचा धूर कुठून जातो, एवढंच विचारत होता. व्याह्यांनी पंचक्रोशीत कुणाकडे मशीन नाही, दिलंत तर बरं दिसेल, असं सुचवलं होतं, आणि अण्णांनी ते टेबलाचं मशीन द्यायचं कबूल केलं होतं. पण मुलाला व्यसन आहे का, घरात सासू कशी, पोरीला पुढे वाचायला मिळेल का, एक अक्षर नाही.

पाहुणे गेल्यावर मी चिडून म्हणालो, "अण्णा, लग्न पोरीचं ठरवताय की मशीनचं?"

"मशीनला तोंड न्हाय, दप्तरवालं. तिच्या वतीनं कुणीतरी इचाराय पायजे की."

गौरव्वा दारातच उभी होती. तिला तोंड होतं. तिच्या वतीनं कुणी विचारलं नव्हतं, आणि तिला स्वतःलाही कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदाच विक्षिप्त न वाटता नुसता दगड वाटला.

लग्नाच्या आधी आठ दिवस मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. गौरव्वा काकांकडे हळदीच्या तयारीत होती. टेबल पुरं झालेलं, शंभर हात दिलेलं, आरशासारखं. अण्णा मशीन उलटं करून खालच्या बाजूला कानस चालवत होते. खालचा दोरा धरून जो पुढंमागं पळतो, त्या धोट्याला पकडून ठेवणारा एक बारीक स्क्रू असतो. अण्णा त्या स्क्रूचे आटे घासत होते.

"आटे बसवताय?" मी विचारलं.

"झिजवतोय."

मला कळेना. अण्णांनी दार ओढून घेतलं.

"चार म्हैन्यात ह्यो ढिला व्हतोय. मग टाका सुटाय लागतोय. चंदगडात कारागीर हाय कोण? बलवत्यात की मला." कानस थांबली. "आलो की दुसरा असाच बशिवतो. म्हंजे वर्साला तीनदा."

"अण्णा, लेकीला भेटायला जायचं तर असंच जा ना."

"कसं जाऊ? तिला मूल हुईपातूर तिच्या घरचं पाणी मला चालत न्हाय. तीन दिवसाची गाडीवाट, जायाचं आन् वट्यावरनं परत फिरायचं? लोक इचारतील, म्हातारा कशापायी आलता? कारागीर म्हणून गेलं की बसाय मिळतंय. दोन दिवस काम लांबिवता येतंय. मशीन बिघडली की कारागीर लागतोय, दप्तरवालं. बाप कुणाला लागत न्हाय."

ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांनी बिघडवलेलं दुरुस्त केलं, त्यानं पहिल्यांदा एक गोष्ट मुद्दाम बिघडवली होती, आणि तीही इतकी नीट की कुणाच्या लक्षात येऊ नये. आपला दगड हा शब्द मी मनातल्या मनात परत घेतला, एवढंच.

वैशाखात लग्न झालं. गाडीत गौरव्वा बसली, मागं टेबल घोंगड्यांत गुंडाळून बांधलं. अण्णा टेबलाच्या दोऱ्या तपासत गाडीच्या मागंच राहिले. पुढं, तिच्याकडे, गेलेच नाहीत. भावजया नंतर पुष्कळ दिवस त्यावर बोलत होत्या.

पंचमीला गौरव्वा येणार होती, पण नद्यांना पूर, वाट बंद. अण्णांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांचा हिशेब भाद्रपदाचा होता. भाद्रपद लागला तशी त्यांनी हत्यारांची पेटी भरली, नवं धोतर आणलं, चंदगडकडे कुणाची गाडी जाते याची चौकशी करून ठेवली. रोज संध्याकाळी मी कचेरीतून टपालघरावरून आलो की ओट्यावरून हाक.

"टपाल?"

"नाही."

भाद्रपद संपला. अण्णा अस्वस्थ झाले, पण त्यांची अस्वस्थतासुद्धा त्यांच्यासारखीच. "आटे जास्त ठिवलं काय मी?" ते मला विचारत. "हात राखून घासलं. आदीच हाताला सवय न्हाय वाईट कराची." एकदा म्हणाले, "पोरगी शिवतच नसंल. भाताच्या कामाला जुंपली आसंल." एकदा नुसतंच म्हणाले, "चांगला इस्क्रू हाय त्यो."

पत्र आलं ते दसऱ्याच्या दिवशी, चंदगडकडच्या एका गाडीवानाच्या हातून. सारं कोल्हापूर सीमोल्लंघनाला गेलं होतं. हत्ती, झुली, घोडे, मानकरी. कोण कुणाच्या पुढं चालणार यावर आमच्या दप्तरात तीन आठवडे कागद फिरले होते. मी ताप आल्याचं सांगून घरी राहिलो होतो. गल्लीत आम्ही दोघंच. अण्णांनी पत्र हातात घेतलं, अक्षर ओळखलं आणि माझ्यापुढं धरलं.

"वाचा. माझं हात तेलाचं हायत."

हात कोरडे होते. मी वाचलं. बापाला ती अप्पा म्हणे.

'तीर्थरूप अप्पांच्या चरणी गौरव्वाचा शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. मशीन श्रावणाअखेर बिघडलं. टाका सुटू लागला. मामंजी म्हणाले, तुझ्या वडिलांना बोलावू. मी म्हटलं, एवढ्या पावसात या वयात त्यांना कशाला त्रास. मीच उलटं करून पाहिलं. धोट्याच्या स्क्रूचे आटे गेलेले होते. तुमच्या हातून हे कसं सुटलं कळलं नाही. अप्पा, डोळे दाखवा कुणाला तरी. मी हे इथं बोलले नाही, पावसानं गंजला म्हणून सांगितलं. लोहाराकडून नवा करवून मी स्वतः बसवला. आता दहा वर्षं बघायला नको. सगळे म्हणतात, बापानं पोरीला हुन्नर दिला. दिवाळीला मात्र येणं होत नाही. साऱ्या गावाचं शिवणकाम माझ्याकडे आलं आहे. मशीन चालू आहे तोवर मला सोडत नाहीत.'

लांबून तोफांचे आवाज आले. अण्णा ते संपेपर्यंत थांबले.

"लोहारानं आटे पाडलं कशानं, लिवलंय?"

"नाही."

"दहा वर्सं म्हणतीया. लोहाराचा इस्क्रू दहा वर्सं कसा टिकंल?" क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. मग तीही गेली. "टिकंल. तिनं बशिवलाय."

मी म्हणालो, "अण्णा, खरं काय ते लिहू या. मी लिहितो."

"काय लिवणार? का बापानं खोटी मशीन दिली? सासरी तिची मान खाली जाईल. न्हाय. मी सांगतो तेच लिवा."

मी दौत आणली. अण्णांनी सांगितलं, मी लिहिलं. चांगलं केलंस. तेल दर आठ दिवसांनी घालायचं, कुठं दोन थेंब, कुठं एक. पावसात रात्री मशीन आत सोडून फळी मिटायची, वर घोंगडी. सुई वाकली तर सरळ करत बसायचं नाही, बदलायची. पायाच्या चाकाचा पट्टा ताणून सैल झाला की एक बोट कापायचा, दोन नाही. असं ते सांगत राहिले, संथपणे, एकही पायरी न गाळता, म्हणजे तिला पुन्हा कधी कुणाला बोलवावं लागू नये.

"आणि तुम्ही कसे आहात ते?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. कागद संपला की."

कागदावर अजून चार बोटं जागा होती. मी घडी घातली.