दामले सरांचा कालचा पेपर

सत्याच्या उपासकानं ताज्या बातमीपासून एक दिवस लांब राहावं. रत्नागिरीत हे तत्त्व पाळणारा माणूस एकच होता: आमच्या कॉलेजातले गणिताचे दामले सर. मुंबईचा पेपर दुपारच्या एस.टी.नं येई. सर तो दुसऱ्या दिवशी वाचत. निवडणुकीचा निकाल लागून लोकांनी गुलाल धुतलेला असे, तेव्हा सर स्टाफरूममध्ये सांगत, "मतदान शांततेत चाललंय म्हणे." कुणी हसलं तर म्हणत, "ताजं तेवढं खरं, असं कुणी सांगितलं रे?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथे नवा लेक्चरर होतो आणि नोकरी टिकायला एम.फिल. हवी होती. विषय होता, असममित समीकरणं सोडवायच्या दोन पद्धतींची तुलना. दोन्हींत आधी उत्तराचा अंदाज करायचा आणि फेरीफेरीनं सुधारायचा. पहिलीत सगळी फेरी मागच्या फेरीच्या आकड्यांवर काढायची. दुसरीत नवा आकडा मिळाला की लगेच वापरायचा. मी वीस उदाहरणं केली. विसांतही ताजे आकडे जिंकले. 'दुसरी पद्धत नेहमीच सरस' असं टाइप करून घेतलं आणि बाइंडिंगला टाकण्याआधी सरांना दाखवलं.

"'नेहमीच' हे कुणाच्या भरवशावर?"

"वीस उदाहरणं आहेत, सर."

"विसांतही पहिल्या अज्ञाताचा दुसऱ्यावर जेवढा भार, तेवढाच दुसऱ्याचा पहिल्यावर. नावात 'असममित' छापलंयस आणि आत औषधाला एक नाही."

चार दिवसांनी सरांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर तीन असममित समीकरणं लिहून आणली. मी सोडवून पाहिली, तर मागच्या फेरीचे आकडे वापरणारी पद्धत तिसऱ्या फेरीत अचूक उत्तरावर जाऊन बसली. ताजे आकडे वापरणारी फेरीगणिक लांब लांब चाललेली. "ही खाडीपलीकडच्या भाट्याला म्हणून निघाली," सर म्हणाले, "आणि उलट्या दिशेला लांब हर्णैला पोचली."

मी प्रकरण नव्यानं लिहिलं. मुंबईला तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, "भार असमान असेल तर?" मी फळ्यावर ती तीन समीकरणं मांडली. नोकरी टिकली.

परतल्यावर दुपारी पेढे घेऊन सरांकडे गेलो. सर घरी नव्हते. शेजारच्या पडवीत मयेकरकाका भिंग लावून पेपर वाचत होते. त्यांनी उभा जन्म बोटीवर काढलेला. आता मुलगा बोटीवर.

"सर उद्या वाचतील," मी म्हटलं. "त्यांचं तत्त्वच आहे तसं."

"तत्त्व कसलं?" काका म्हणाले. "बोटींच्या बातम्या बघायला मला लागतो. डोळे असे, एका पानाला तास जातो. उद्या सकाळी देतो त्यांना."

"म्हणजे पेपर तुमचा, सरांना तुमच्याकडून जातो होय?"

काकांनी भिंग न हलवता पहिलं पान माझ्याकडे वळवलं. कोपऱ्यात पेपरवाल्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: दामले.