विघटनसुलभ गोधडी

वनमालाबाई भोयर यांनी लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी शिवायला घेतली, तेव्हा आपण वर्तुळाकार अर्थव्यवस्थेत पाऊल टाकत आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. ती कल्पना त्यांच्या मुलाला, गौतमला होती. सगळं बिघडलं ते तिथूनच.

गौतम नवा रायपुरातल्या 'वर्तुळ वस्त्र मानक कक्षा'त तांत्रिक अधिकारी होता. जे कापड वापरून झाल्यावर कचऱ्यात न जाता त्याचं पुन्हा दुसरं काहीतरी होतं, ते वर्तुळ वस्त्र. अशा वस्तूंची रचना कशी असावी, त्या कशा बनवाव्यात आणि त्या खरंच वर्तुळ आहेत हे कुणी ठरवावं, याचं दोनशे चाळीस पानांचं मानक कक्षाने दोन वर्षं खपून तयार केलं होतं. मानक इतकं काटेकोर झालं होतं की आजवर त्यात एकही वस्तू बसली नव्हती. बाटल्यांपासून बनवलेला टी-शर्ट लेबलवर अडला. तागाची पिशवी चेनवर अडली. एका बचत गटाचं पायपुसणं पाय पुसल्यावर मळतं, या शेऱ्यासह परत गेलं. आणि वीस तारखेला दिल्लीचं पथक पाहणीला यायचं होतं.

"आपल्याला फक्त एक वस्तू हवी आहे, गौतम," कक्षप्रमुख संग्राम पाटणकर म्हणाले. ते पुण्याहून आले होते आणि चिंतेतही शुद्ध बोलत. "मानक चुकीचं असू शकत नाही. याचा अर्थ वस्तू अजून सापडलेली नाही."

"सर, माझी आई करते तशी वस्तू," गौतम म्हणाला. "जुन्या कपड्यांची गोधडी. हाताने शिवलेली. तिला चेन नाही, लेबल नाही."

पाटणकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आईंना उत्पादक म्हणून नोंदवता येईल?"

गौतमची छाती फुगली. आयुष्यभर जुनेर सांभाळणाऱ्या आईचं नाव सरकारी नोंदवहीत जाणार, याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. हे त्याच्या बाजूने एकदा सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

रायपुरातल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरी वनमालाबाई शेवटचा धावदोरा घालत होत्या. गोधडीत सगळं घर होतं. वरच्या बाजूला त्यांची स्वतःची सुती साडी, कडेला गौतमचा लहानपणीचा पायजमा, मधे लेकीचा, देवश्रीचा शाळेचा फ्रॉक. आणि बाळाच्या अंगाला लागणारा सगळ्यांत मऊ थर मारोतरावांच्या दोन पांढऱ्या शर्टांचा. त्यांचे यजमान मारोतराव रेल्वेत गार्ड होते, सहा वर्षांपूर्वी गेले. वीस वर्षं धुऊन धुऊन त्या शर्टांची साय झाली होती. त्यांनी नातवंड पाहिलं नाही, निदान शर्टांनी तरी त्याला कुशीत घ्यावं, एवढीच वनमालाबाईंची इच्छा होती. देवश्री बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि तिला नववा लागला होता.

"ऑफिसात गोधडी कायले पायजे रे?" वनमालाबाईंनी विचारलं. "एसी लय लावून राहिले का?"

"दाखवायची आहे आई. दिल्लीचे लोक येऊन राहिले."

"बारशाच्या आधी वापस पायजे मले. देवश्रीच्या लेकराची हाय ते."

"हव. चार दिवसांत आणून देतो."

पहिली अडचण तिसऱ्या कलमाची निघाली. वर्तुळ वस्तूतला कच्चा माल हा 'उपयोगोत्तर कचरा' असला पाहिजे, असं ते कलम सांगत होतं. मारोतरावांचे शर्ट धुऊन, घडी घालून पेटीत ठेवलेले होते. पाटणकरांच्या मते तो साठा होता, कचरा नव्हता. कचरा व्हायला तो आधी कुणीतरी टाकायला हवा, आणि टाकल्याचा पुरावा हवा. शेवटी एक मधला मार्ग निघाला. सकाळी मोहल्ल्यात येणाऱ्या कचरागाडीच्या पायरीवर गोधडी दोन मिनिटं ठेवायची आणि वेळ-स्थळासह फोटो काढायचा. गौतमने खाली वर्तमानपत्र अंथरलं, वर गोधडी ठेवली आणि मोबाईल सरसावला.

"भैया, डालना है कि फोटो खिंचाना है?" गाडीवाल्याने विचारलं. मागे चार घरांच्या बादल्या ताटकळत होत्या.

"फोटो," गौतम म्हणाला. खिडकीतून वनमालाबाई बघत होत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली.

पाचवं कलम माग काढण्याचं होतं. प्रत्येक तुकड्याच्या पूर्व-वापरकर्त्याचं संमतिपत्र संगणकावर भरायचं होतं. वनमालाबाईंनी सही केली, देवश्रीने पोट सावरत सही केली, गौतमने पायजम्यापुरती स्वतःची केली. राहिले मारोतराव. 'वस्त्राचा त्याग करण्याचे कारण' या प्रश्नाला चार पर्याय होते: फॅशन बदलली, माप बदलले, आवड उरली नाही, इतर. गौतमने 'इतर' निवडून पुढे 'निधन' असं लिहिलं. त्यावर संगणकाने विचारलं, 'पूर्व-वापरकर्ता वापर पुन्हा सुरू करण्याची शक्यता आहे काय?' उत्तर अनिवार्य होतं. गौतमने 'नाही' दाबलं. वडील गेले त्या दिवशी तो इतका हलला नव्हता. हा प्रश्न पाचव्या कलमात त्याच्याच शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने घातला होता आणि तेव्हा गौतमने त्याला 'सखोल' म्हणून दाद दिली होती.

एकोणीस तारखेला गोधडी सातव्या कलमापाशी पोचली. सातवं कलम खुद्द गौतमचं होतं. संपूर्ण मानकात त्याची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट. वस्तू विघटनसुलभ हवी, म्हणजे तिचे सगळे भाग पुन्हा सुटे करता आले पाहिजेत, असं ते सांगत होतं. पहिल्या मसुद्यात हे 'नमुन्याद्वारे तपासावे' असं होतं. गौतमला ते लेचंपेचं वाटलं. त्याने ते खोडून 'प्रत्यक्ष व संपूर्ण विघटनाद्वारे सिद्ध करावे' असं केलं होतं आणि पाटणकरांनी भर बैठकीत त्याची पाठ थोपटली होती.

प्रयोगशाळेत अनुश्री होती. घरचं मराठी, पण उत्तर हिंदीत देणारी. तिने हातात टाके उसवायची आकडी घेतली होती.

"सर, ये पूरा खोलना पड़ेगा."

"पूर्ण?" गौतम म्हणाला. "एक कोपरा उसवून नाही भागणार?"

"दूसरा पीस है क्या?"

"नाही. एकच आहे."

"फिर तो यही खुलेगा. क्लॉज सेवन पढ़ लीजिए सर. आपका ही लिखा है."

आता इथे गौतमला गोधडी उचलून घरी नेता आली असती. दार उघडं होतं, बाहेर त्याची गाडी उभी होती, आणि नवा रायपूरच्या त्या रुंद रस्त्यांवर त्याला अडवायला चिटपाखरू नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पथक येणार होतं. वस्तू मागे घेतली तर तांत्रिक अधिकाऱ्याचा स्वतःच्याच कलमावर विश्वास नाही, असं दिसलं असतं. तो "ठीक आहे" म्हणाला आणि चहा प्यायला गेला. भित्रेपणा बहुधा चहा पिता पिताच होतो.

चार तास लागले. अहवाल अप्रतिम आला. एकूण तुकडे एकतीस, तुटलेला धागा एकही नाही, विघटनसुलभता शंभर टक्के. 'जोडकाम असामान्य कौशल्याचे असल्याने विघटन सुखद झाले,' असं अनुश्रीने खाली आपणहून लिहिलं होतं. वीस तारखेला दिल्लीच्या पथकाने एकतीस तुकडे एकतीस स्वतंत्र प्लास्टिकच्या पिशव्यांत, क्रमांकांसह मांडलेले पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. पथकप्रमुखांनी मूळ वस्तू कशी दिसत होती असं विचारलं. पाटणकरांनी त्यांना कचरागाडीवरचा फोटो दाखवला.

टाळ्या चालू असतानाच गौतमचा फोन वाजला. समता कॉलनीतल्या दवाखान्यात देवश्रीला मुलगी झाली होती. नर्स बाळाला गुंडाळायला कापड मागत होती. गौतमने तिथूनच मोबाईलवर ब्लँकेट मागवलं. ते अकरा मिनिटांत पोचलं. गुलाबी, फुगीर, अस्वलांच्या चित्रांचं, शंभर टक्के पॉलिएस्टर, तीन पिशव्यांत बांधलेलं. वरच्या पिशवीवर हिरवं पान छापलेलं होतं.

बारशाला तीन दिवस उरले तेव्हा गौतमने पिशव्या आणि फ्रेममधलं प्रमाणपत्र आईपुढे ठेवलं. वनमालाबाईंनी प्रमाणपत्राकडे पाहिलंही नाही. त्यांनी एकेक पिशवी उचलून डोळ्यांजवळ धरली आणि चौदा नंबरची बाजूला काढली. तिच्यात मारोतरावांच्या शर्टाची पाठ होती. मधोमध बोट जाईल एवढं चौकोनी भोक होतं.

"हे काहून कापलं?"

"धागा कशाचा आहे ते ओळखायले, आई. सगळ्याच तुकड्यांचं कापलं."

"मले विचारलं असतं तं मीच सांगतलं असतं," वनमालाबाई म्हणाल्या. "सुती हाय."

गौतमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वनमालाबाईंनी भोकावर देवश्रीच्या फ्रॉकचं ठिगळ ठेवलं, सुईत दोरा ओवला आणि मुलाकडे न बघता शिवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने हे ऑफिसात सांगितलं, म्हणजे सांगायला नको होतं, पण सांगितलं. पाटणकर गंभीर झाले. "प्रमाणपत्र सुट्या अवस्थेतल्या वस्तूला आहे. जोडली की ती नवी वस्तू. शिवाय महिनाभर नवा मसुदा हरकतींसाठी खुला आहे, पाहिलास ना? घरगुती जोडकाम नियमन."

मसुदा दोन पानांचा होता. नोंदणीकृत उत्पादकाने घरी जोडलेली प्रत्येक वस्तू दरवर्षी नूतनीकरणासाठी सादर करावी, नूतनीकरण सातव्या कलमानुसार व्हावं, आणि इतर सर्व कुटुंबांनी ठिगळ, रफू, बटण ही कामं वर्षभरात नोंदवून घ्यावीत. नोंदणीकृत उत्पादकांच्या यादीत तूर्त एकच नाव होतं. थोडक्यात, गोधडी दरवर्षी नवा रायपूरला येणार होती आणि एकतीस पिशव्यांतून घरी जाणार होती.

"हे थांबवता येतं का, सर?"

"अर्थात. आपली पद्धत लोकशाहीची आहे. एका जरी नागरिकाने मुद्देसूद हरकत नोंदवली, तर मसुदा परत पाठवावा लागतो. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत." पाटणकरांनी क्षणभर विचार केला. "तू कर्मचारी आहेस, तुला नाही करता येणार. आई आणि तिचे नातलग हितसंबंधी ठरतात. पण बाकी सगळा देश मोकळा आहे."

बारसं बुधवारी झालं. मुलीचं नाव राधा ठेवलं. ती पुन्हा शिवलेल्या गोधडीत झोपली होती, एकतीस ठिगळांच्या आणि आता जरा जाड झालेल्या. शेजारपाजारचे आणि गौतमच्या ओळखीचे मिळून साठ-सत्तर लोक जमले होते. गौतमने प्रत्येकाला गाठून सगळी हकीकत सांगितली, स्वतःच्या सातव्या कलमासकट. लोक हळहळले. शेजारच्या सुशीलाकाकूंच्या डोळ्यांना पाणी आलं. रेल्वेतले गुलाबराव म्हणाले, "अरे, मारोतभाऊचा शर्ट कापला? सरकारले काही लाज हाय का नाही?" सगळ्यांनी मसुद्याची लिंक घेतली. सगळ्यांनी "हव, आजच करतो" म्हटलं. कुणीतरी बाळाचा गोधडीतला फोटो टाकून खाली चार संतप्त ओळी लिहिल्या, आणि त्या दोन दिवसांत अकरा हजार लोकांना आवडल्या.

वनमालाबाईंनी गुरुवारी रात्रीच्या जेवणाची भांडी आवरताना विचारलं, "करतील ना रे कोणी?"

"अकरा हजार लोक आहेत आई," गौतम म्हणाला. "एकच तं पायजे."

शुक्रवारी तो दिवसभर संगणकासमोर बसून होता. दुपारपर्यंत हरकतींच्या रकान्यात शून्य होतं. तीन वाजता शून्य होतं. पाचला दहा मिनिटं कमी असताना शून्याचा एक झाला. गौतम खुर्चीतून उठला, परत बसला आणि त्याने ती हरकत उघडली.

'मसुद्यातील अक्षरे फार बारीक आहेत,' असं एका जागरूक नागरिकाने लिहिलं होतं.

हरकत मुद्देसूद होती. ती तत्काळ मान्य झाली, अक्षरं दोन घरांनी मोठी केली गेली आणि मसुदा परत पाठवण्याचं कारण उरलं नाही. पाच वाजता नियम लागू झाला. सोमवारी गौतमच्या टेबलावर पहिली नोटीस आली, उत्पादक वनमाला भोयर यांच्या नावाची, पुढच्या वर्षीच्या तारखेची. ती घरी पोचवायचं काम त्याच्याकडेच होतं.

आपल्या शर्टाचं तुटलेलं बटण जिने घरीच लावलं, ती बाई आपल्याही घरात आहे. तिची नोंदणी झाली का, हे एकदा विचारून घ्यावं. मसुदा महिनाभर सर्वांसाठी खुला होता, आपल्याही भाषेत होता. दोनच पानांचा होता, ही गोष्ट वाचायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात वाचून झाला असता.