बाक रिकामं झालं

आणीबाणीचं पहिलंच वर्ष होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीच्या नकला विभागात सोमवारी सकाळी एक पत्र आलं आणि हेडक्लार्क धनपाल चौगुल्यांचा चहा कपातच निवला. ‘कार्यालयीन वातावरणातील मानवी वर्तन व मनःस्वास्थ्य’ या विषयावर संशोधन करणाऱ्या एक बाई पंधरा दिवस विभागात बसून निरीक्षण करणार होत्या. त्यांना सहकार्य करावं, असं खाली मामलेदारांनी लिहिलं होतं.

“मनःस्वास्थ्य म्हंजे काय वो, भाऊसाहेब?” नकला लिहिणाऱ्या कृष्णातनं विचारलं.

“म्हणजे आपण कामाच्या वेळेत किती झोपतो, ते.”

“आयला! शेजारच्या तालुक्यात दोघांना परवाच घरी धाडलं म्हनं.”

चौगुल्यांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सांगलीकडच्या या माणसानं सत्तावीस वर्षं जुन्या कागदांच्या नकला देण्यात घालवली होती. गुडघे गेले होते. धुळीनं घसा कायमचा बसला होता. आता फक्त कुणी काही न विचारता दिवस जावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी शालन मगदूम आल्या. पंचविशीच्या, मोठ्या चष्म्याच्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी वही उघडली आणि मांडीवर घड्याळ ठेवलं. कृष्णातनं जांभई दिली. बाईंनी घड्याळात बघून काहीतरी लिहिलं. कृष्णातनं दुसरी जांभई तोंडातच गिळली.

चौगुले उठले. माळ्यावरचे कागदांचे गठ्ठे त्यांनी स्वतः खाली ओढले आणि भिंतीलगतच्या बाकाकडे बघून पहिलं नाव पुकारलं, “बनुबाई!”

बनुबाई चार महिने दर मंगळवारी बाजाराला आल्या की येऊन बसायच्या. पाऊण तासात त्यांच्या हातात नक्कल पडली.

“झालं?” त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“झालं, मावशी. जावा आता.”

“आवं, पण मी भाकरी आनलीया की! रंगूबाई यायचीया अजून. तिच्या सुनंचं सांगायचं ऱ्हायलंय माजं.”

“ते घरी सांगा.”

“तिचं गाव सात कोस लांब हाय. हितंच तर गाठ पडती आमची.” त्या कुरकुरतच उठल्या.

कोपऱ्यातल्या मगदूम बाईंचा चेहरा पडला. तो चौगुल्यांनी टिपला. काम कमी पडतंय, असा त्यांनी अर्थ काढला आणि दुपारचा चहा बंद केला. बुधवारी बाईंचा चेहरा आणखी पडला. चौगुल्यांनी पानसुपारी बंद केली. गुरुवारी तर बाईंनी वही मिटून नुसता सुस्कारा टाकला. त्या दिवसापासून दोघं दिवे लागेपर्यंत लिहीत बसू लागले.

नकला एका दिवसात मिळतात, ही बातमी बाजारातून गावोगाव गेली. शनिवारी साठ माणसं आली. संध्याकाळी साठही परतली. दुसऱ्या आठवड्यात अकराच्या आत बाक रिकामं पडू लागलं. मामलेदार खूश झाले. तुमच्याकडं वेळ दिसतोय, म्हणून त्यांनी दुसऱ्या दोन विभागांचं काम चौगुल्यांकडे ढकललं. शिवाय, ‘यापुढे प्रत्येक नक्कल त्याच दिवशी द्यावी’ असा हुकूम काढून तो भिंतीवर लावला.

“भाऊसाहेब, माझी बोटं वाकडी झाली,” कृष्णात म्हणाला.

“माझी पाठ. गप लिही. तीनच दिवस राहिलेत.”

तेवढ्यात बाई उठून टेबलाशी आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“भाऊसाहेब, माझा प्रबंध बुडाला हो!”

“आता आणखी किती काम करायचं आम्ही?” चौगुल्यांनी विचारलं.

“काम नकोच होतं! माझा विषय ताटकळणारी माणसं आहे. वाट बघताना ती कशी वागतात, काय बोलतात, ते टिपायचं होतं मला. आमच्या सरांनी सारा जिल्हा पालथा घालून तुमचा विभाग निवडला. इतकं ताटकळायला दुसरीकडं कुठंच लागत नाही म्हणे. आणि आता बाकावर माणूसच नाही!”

कृष्णातच्या हातातला टाक निसटून चालू नकलेवर डाग पडला.

“मग आम्हाला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?” चौगुले म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही नेहमीसारखे वागला नसता ना!”

चौगुल्यांनी चष्मा काढला. डोळे चोळले.

“उरलेले तीन दिवस आधीसारखं करता का?” बाईंनी हळूच विचारलं.

चौगुल्यांनी भिंतीवरच्या हुकुमाकडे बोट केलं. बाईंनी तो वाचला, खुर्ची ओढून घेतली आणि वहीचं कोरं पान काढलं.

“मग मी विषयच बदलते. कर्मचाऱ्यांचं मनःस्वास्थ्य. भाऊसाहेब, या कामात तुम्हाला कसं वाटतं?”

सत्तावीस वर्षांत हे चौगुल्यांना कुणी विचारलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“अर्ज द्या,” ते थकल्या आवाजात म्हणाले. “जुनी प्रकरणं आहेत, शोधायला वेळ लागेल.”

बाई बाकावर जाऊन बसल्या.