सरूकाकू आणि केकताडाची चटई

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सरूकाकू पाहुण्याचे आधी तळपाय बघतात, चेहरा नंतर. उस्मानपुऱ्यात राहायला आल्यापासून मी त्यांच्या दारात डावा पाय दाखवतो, मग उजवा. ओलसर दिसला तर टॉवेलवर थांबायचं. "वाळा जरा," काकू म्हणतात, "घाई काय हाय?"

हे सगळं हॉलमधल्या चटईसाठी. काकूंचा मुलगा संदीप चिकलठाण्याला कंपनीत आहे. सुनेच्या, म्हणजे पल्लवीच्या हौसेखातर त्यानं भिंतीपासून भिंतीपर्यंत घायपाताच्या धाग्याची चटई बसवून घेतली. बसवणारा तिचं काहीतरी इंग्रजी नाव सांगत होता. काकूंचं आयुष्य बिडकीनजवळच्या खेड्यात गेलेलं. त्यांनी वाकून एक धागा चिमटीत धरला आणि निकाल दिला, "हे तर केकताड. आमच्या बांधावर फुकट उगवतंय. माझा बाप याचे कासरे वळायचा बैलांना."

त्या दिवसापासून चटईचा ताबा काकूंकडे. एरवी दिवसातून दोनदा फरशी पुसणारी ही बाई, पण चटईला पाणी बंद. "दोर भिजला की आखडतो, मग सडतो. केकताडाला पाणी पाजायचं नाय." रोज सकाळी व्हॅक्यूम क्लीनर, आधी उभा, मग आडवा. कुलरच्या ओल्या हवेनं धागा फुगतो म्हणून ऐन एप्रिलात कुलर हॉलमधून उठून पल्लवीच्या खोलीत गेला. हॉलमध्ये आम्ही घामाघूम. त्यावरही काकूंची सूचना होती, "ठिपका पडू देऊ नका."

एकदा माझ्या हातून चहा सांडला. मी रुमालानं घासायला लागलो, तर काकू कडाडल्या, "चोळू नका! टिपा!" पांढरं सुती फडकं आलं. कडेकडून मध्याकडे टिपून झालं. मग टेबलफॅन लागला आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे आम्ही दोघं पाऊण तास त्या डागाशेजारी बसलो. दुसरा चहा काही मिळाला नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी काकूंनी माझं दार बडवलं. "भाऊ, गाडी काढा. पल्लवीला न्यायचंय."

पल्लवीचे दिवस भरत आले होते. मी किल्ली घेऊन धावलो. ती हॉलच्या मधोमध उभी होती, अंगावरून पाणी जायला लागलं होतं, आणि ती खाली बघून रडत होती. "आई, चटई... पुसते मी," म्हणत ती खरंच वाकायला लागली.

काकूंनी तिला दंडाला धरून सरळ केलं. "खबरदार वाकलीस तर! चटई गेली खड्ड्यात." मग स्वतः खाली बसून त्यांनी पदरानं तिचे पाय पुसले, एकेक बोट.

दवाखान्यात पल्लवीला आत नेलं. संदीप कंपनीतून निघाला होता. आम्ही बाकावर. काकू समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "संदीपच्या टायमाला सकाळीच घर सारवलं होतं. माझं पाणी गेलं तशी सासू म्हणाली, सारवलेलं नासवलंस. कळा येत होत्या, भाऊ, अन् मी भुई पुसत होते."

काकूंनी ओला पदर मांडीवर पसरला.

"आज ही पोर वाकली, तव्हा मला वाटलं, मीबी तसलीच सासू झाले का काय?"

दोन तासांनी दार उघडलं. नर्स हसत बाहेर आली. "आजी, मुलगी झाली. एकदम छान आहे."

काकू उठून उभ्या राहिल्या. नर्सचा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला.

"व्हय, बारकीचं कळलं. पण ती मोठी कशी हाय? माझी पोरगी?"